तर्रीतलं प्रथिन, रश्शातलं प्रथिन

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला होता. गिरणेकाठच्या आपल्या विद्यापीठात तो एम.एस्सी. करतोय. जेवायला बसला तरी मोबाइल हातातच. ताईनं डोकावून पाहिलं, तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं. ओळीच्या ओळी, मध्ये ना जागा ना पूर्णविराम.

"हाई काय शे रे?" तिनं विचारलं.

"प्रथिन आहे. हे पाण्यात विरघळणारं आहे की पेशीच्या पटलात बसणारं, एवढं सोमवारपर्यंत ओळखून द्यायचंय."

"मग विरघळवून बघ ना."

ताईचं काही चुकलं नव्हतं. पूर्वी हेच करत. पण विरघळवून बघायला ते प्रथिन आधी हातात तर हवं! डीएनए वाचणं आता इतकं स्वस्त झालंय की कोट्यवधी प्रथिनांची फक्त अक्षरं आपल्यापाशी साठली आहेत; त्यातली बहुतेक प्रथिनं प्रयोगशाळेच्या नळीत कुणी कधी पाहिलेली नाहीत. पत्रिका आली आहे, मुलगा पाहिलेला नाही, असा प्रकार. आणि पत्रिकेवरून सांगायचंय की हा राहतो कुठं. माझा पत्रिकांवर काडीचा विश्वास नाही, पण ही पत्रिका खरी निघते.

२०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल प्रथिनांच्या कामाला मिळालं, तेव्हापासून हा शब्द वर्तमानपत्रांत वरचेवर दिसतो. इकडे नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा भागात सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या तपासण्या चालतात, तोही एका प्रथिनातल्या एका अक्षराचाच खेळ. म्हणून म्हटलं, भाच्यानं मला ताटावर जे समजावलं ते लिहून काढावं.

उत्तर ताटातच होतं

त्या दिवशी शेवभाजी होती. काळ्या मसाल्याची, वर बोटभर तर्री. वाटी जरा कलती केली की लाल तेल एका बाजूला सरकतं आणि खालचा रस्सा उघडा पडतो. चमच्यानं अलगद फक्त तर्री उचलून चाखा. झणझणीत लागेल, पण मीठ जवळजवळ नाही. मीठ सगळं खाली, रश्शात. मिरचीचा लाल रंग आणि तिखटपणा तेलात विरघळतो, मीठ पाण्यात. पातेल्यात सगळं एकत्रच पडलेलं असतं. कुणी कुठं जायचं हे फोडणी देणारी सांगत नाही. ज्याचा जसा स्वभाव तसं ते जातं.

पेशीत हेच घडतं. आत पाणी, बाहेर पाणी आणि मध्ये चरबीच्या रेणूंचा दोनपदरी पापुद्रा. हेच पेशीपटल. दोन्हीकडे रस्सा आणि मध्ये तर्रीचा थर, असं समजा.

काही प्रथिनं रश्शात फिरतात. हिमोग्लोबिन, इन्शुलिन, जेवण पचवणारे एन्झाइम ही त्यातली. ही विरघळणारी. काही प्रथिनं त्या तर्रीच्या थरातच रोवलेली असतात, एक बाजू आत आणि एक बाहेर. ही पटलातली. पेशीचे दरवाजे, पंप आणि दारावरच्या घंटा म्हणजे हीच. कुठल्याही सजीवाच्या जनुकांचा हिशेब काढला तर साधारण २० ते ३० टक्के जनुकं पटलातल्या प्रथिनांची निघतात.

वीस अक्षरं, दोन पक्ष

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. मणी वीस प्रकारचे, प्रत्येकाला एक अक्षर. लग्नात मुलाकडचे आणि मुलीकडचे असतात तसे यांचेही दोन पक्ष: तेलाकडचे आणि पाण्याकडचे. (मधले, दोन्हीकडच्या पंगतीत बसणारेही असतातच.) ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, फिनिलअ‍ॅलनिन पक्के तेलाकडचे. आर्जिनिन आणि लायसिन यांच्यावर धन विद्युतभार, ॲस्पार्टिक आणि ग्लुटामिक आम्लांवर ऋण. असा भार असला की पाण्याशिवाय करमत नाही, म्हणून हे चौघे पाण्याकडचे.

१९८२ मध्ये अमेरिकेतल्या जॅक काइट आणि रसेल डूलिटल यांनी या विसांना गुण दिले. सर्वांत तेलकट आयसोल्युसिनला अधिक ४.५, व्हॅलिनला ४.२, ल्युसिनला ३.८. दुसऱ्या टोकाला आर्जिनिनला उणे ४.५, लायसिनला उणे ३.९, ग्लुटामिक आम्लाला उणे ३.५. गुणांचे तक्ते नंतर बरेच आले, पण वर्गात अजून हाच शिकवतात. बेरीज-भागाकार येणाऱ्या कुणालाही तो वापरता येतो, हे मला त्यात सर्वांत आवडतं.

मग तेलाकडची अक्षरं मोजली की झालं?

हा पहिला आक्षेप माझाच होता. ज्यात तेलाकडचे जास्त ते पटलातलं, संपलं.

तसं होत नाही, कारण विरघळणाऱ्या प्रथिनांतही तेलाकडची अक्षरं भरपूर असतात. फक्त ती लपवलेली असतात. माळ पाण्यात पडली की गुंडाळी होते. तेलाकडची अक्षरं पाण्यापासून तोंड लपवत आत जमतात, पाण्याकडची बाहेर राहतात. खापरावरच्या मांड्यासारखं. पुरण आत, पोळी बाहेर. पटलातल्या प्रथिनाला मात्र कंबरेपाशी चारही बाजूंनी चरबीच भेटते, म्हणून तिथं बाहेरच्या अंगालाच तेलाकडची अक्षरं लागतात.

एकूण सरासरीतून काहीच कळत नाही असं नाही. पटलातून सात-सात, दहा-दहा वेळा येरझाऱ्या घालणारी प्रथिनं असतात. त्यांची सरासरी सरळ तेलाकडे झुकते आणि भारवाल्या चौघांचं प्रमाण कमी दिसतं. पण करोनाच्या विषाणूवरचं काट्यासारखं प्रथिन घ्या. अक्षरं १२७३, आणि त्यातला पटलात रुतलेला तुकडा पंचविसेक अक्षरांचा. म्हणजे दोन टक्के. बाकी सगळं बाहेर पाण्यात. सरासरी काढली तर ते दोन टक्के कुठल्या कुठं हरवतील. तेव्हा बघायचं ते हे, की तेलाकडचे सलग किती जण एका रांगेत उभे आहेत.

भिंत जेवढी जाड, तेवढा नळ

आमच्या जुन्या धाब्याच्या घराच्या मातीच्या भिंती दोन-दोन फूट जाड होत्या. त्यातून नळ काढायचा तर दोन फुटांचा तुकडा लागायचाच, दीड फुटाचा आत अडकायचा. पटलाच्या तेलकट गाभ्याची जाडी सुमारे ३ नॅनोमीटर असते. (एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर.) तो गाभा ओलांडायला किती अक्षरं लागतील?

इथं एक गंमत आहे. माळेतले मणी कितीही तेलकट असले तरी ज्या दोऱ्यात ते ओवलेत तो दोरा पाण्याकडचाच असतो. त्याला पाण्याशी हातमिळवणी करायची असते आणि तेलात तर पाणी नाही. मग दोरा स्वतःशीच हात मिळवतो. स्प्रिंगसारखा वळतो आणि प्रत्येक वेढा शेजारच्या वेढ्याला धरून राहतो. या स्प्रिंगमध्ये एक अक्षर माळेला ०.१५ नॅनोमीटर पुढं नेतं. ३ भागिले ०.१५ म्हणजे २०. इतका साधा भागाकार! अक्षरांच्या ओळीत वीसेक अक्षरांचा सलग तेलकट पट्टा दिसला की समजायचं, इथं भिंत ओलांडली आहे.

भुसावळच्या फलाटावरून

पट्टा शोधायची रीत समजायला भुसावळला जा. फलाटावर उभं राहून मालगाडी जाताना बघा. उघडे डबे, बंद डबे, तेलाचे टँकर. डबा म्हणजे एक अक्षर, टँकर म्हणजे तेलाकडचं. एका वेळी नजरेत १९ डबे, म्हणजे साधारण भिंतीएवढा तुकडा, मावतो असं धरा. त्या १९ डब्यांचे गुण मिळवायचे, १९ ने भागायचं, आकडा लिहायचा. गाडी एक डबा सरकली की पुन्हा तेच. गाडी संपेपर्यंत आकड्यांचा एक आलेख तयार होतो. टँकर इकडेतिकडे विखुरलेले असतील तर आलेख शून्याच्या आसपास वरखाली होत राहतो. टँकर सलग लागले की डोंगर उभा राहतो. काइट आणि डूलिटल यांनी ठरवलेली रेष १.६ ची. डोंगर तिच्यावर गेला तर तो तुकडा बहुधा पटल ओलांडणारा.

भाच्यानं सरावासाठी रक्ताचा एकच थेंब धरला. तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन असतं, विरघळणारं. त्याच पेशीच्या पटलात ग्लायकोफोरिन-ए असतं, १३१ अक्षरांचं, पटल एकदाच ओलांडणारं. एमएन रक्तगट ठरतो तो याच प्रथिनावरून. त्यानं १९-१९ अक्षरं मोठ्यानं वाचली, मी वहीत गुण मांडले.

ग्लायकोफोरिनचा मधला तुकडा: आय टी एल आय आय एफ जी व्ही एम ए जी व्ही आय जी टी आय एल एल आय. बेरीज ५०.७, सरासरी २.६७. डोंगरच.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीची सुरुवात: व्ही एच एल टी पी ई ई के एस ए व्ही टी ए एल डब्ल्यू जी के व्ही एन. बेरीज उणे २.८, सरासरी उणे ०.१५. सपाट.

एकाच पेशीतली दोन प्रथिनं, आणि दहा मिनिटांत वहीच्या पानावर त्यांची घरं वेगळी झाली. नववीतल्या पोरांकडून हे करून घेता येईल.

सिकलसेलमध्ये मग काय होतं?

वरच्या हिमोग्लोबिनच्या ओळीत सहावं अक्षर ई आहे, म्हणजे ग्लुटामिक आम्ल, पाण्याकडचं. सिकलसेलमध्ये त्या जागी व्ही येतं, व्हॅलिन, पक्कं तेलाकडचं. उणे ३.५ च्या जागी अधिक ४.२.

मी लगेच विचारलं, म्हणजे हिमोग्लोबिन जाऊन पटलात बसतं की काय? वहीत पुन्हा मांडलं. सरासरी उणे ०.१५ वरून अधिक ०.२६ झाली. १.६ ची रेष खूप लांब. प्रथिन विरघळणारंच राहतं. पण त्याच्या बाहेरच्या अंगावर, जिथं पोळी हवी तिथं, तेलाचा एक ठिपका उमटतो. हिमोग्लोबिननं ऑक्सिजन सोडला की तो ठिपका शेजारच्या हिमोग्लोबिनच्या एका तेलकट खोबणीत जाऊन बसतो, शेजारचा पुढच्याच्या, आणि लांब दोरे तयार होतात. ते दोरे गोल पेशीला ओढून विळ्याच्या आकाराची करतात. अशी पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि सातपुड्यातल्या पाड्यावरचं पोर अंग दुखतं म्हणून रात्रभर रडतं. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेनं हा आजार २०४७ पर्यंत संपवायचं ठरवलंय. मूळ भानगड त्या सहाव्या अक्षराची.

आतली बाजू कुठली, बाहेरची कुठली?

नळ भिंतीतून गेला हे कळलं, पण तोटी अंगणात की मोरीत? त्यालाही अक्षरांतच खूण आहे. ग्लायकोफोरिनच्या तेलकट पट्ट्यानंतर लगेच आर आर एल आय के के येतं. आर म्हणजे आर्जिनिन, के म्हणजे लायसिन, दोन्ही धनभाराचे. स्वीडनचे गुन्नार फॉन हाइने यांनी १९८६ मध्ये दाखवलं की पट्ट्याच्या ज्या टोकाला धनभाराची अक्षरं जास्त, ते टोक सहसा पेशीच्या आत राहतं. ग्लायकोफोरिनचं तसंच आहे.

ही रीत चुकत नाही का?

चुकते, आणि जिथं चुकते तिथंच खरी मजा आहे.

पहिली चूक इन्शुलिनची. इन्शुलिन विरघळणारं, याबद्दल वाद नाही. पण पेशी ते आधी ११० अक्षरांचं बनवते आणि पहिली २४ अक्षरं अशी: एम ए एल डब्ल्यू एम आर एल एल पी एल एल ए एल एल ए एल डब्ल्यू जी पी डी पी ए ए ए. एल म्हणजे ल्युसिन. बघा किती आहेत. पहिल्या १९ ची सरासरी १.५६, रेषेला अगदी नाक लावून. हा तुकडा म्हणजे पार्सलवरची पत्त्याची चिठ्ठी, 'याला पेशीबाहेर पाठवा' असं सांगणारी. प्रथिन वाटेला लागलं की चिठ्ठी कापून टाकतात. प्रथिनांवर असे पत्ते असतात हे शोधल्याबद्दल ग्युंटर ब्लोबेल यांना १९९९ चं नोबेल मिळालं. नुसता आलेख बघणारा मात्र त्या चिठ्ठीलाच नळ समजू शकतो. २००१ मध्ये आलेल्या टीएमएचएमएम या संगणकी पद्धतीच्या कर्त्यांनीही हे लिहून ठेवलंय: विरघळणारं की पटलातलं हे ती ९९ टक्क्यांहून अधिक अचूक ओळखते, पण अशी चिठ्ठी असली की अचूकता घसरते.

दुसरी चूक पिंपांची. काही जिवाणूंच्या बाहेरच्या पटलात फळ्या उभ्या जोडून केलेल्या पिंपासारखी प्रथिनं असतात. ई. कोलाय या जिवाणूच्या ओम्पएफ नावाच्या पिंपाला १६ फळ्या आहेत. फळीतलं एक अक्षर बाहेर तेलाकडे तोंड करतं, पुढचं आत पाण्याकडे, असं एक आड एक. टँकर, उघडा डबा, टँकर, उघडा डबा. सरासरीत डोंगर उठतच नाही आणि आलेख म्हणतो, विरघळणारं. त्यांच्यासाठी एक-आड-एकची लय शोधणाऱ्या वेगळ्या पद्धती कराव्या लागल्या.

तिसरी तर आपल्या शेतातली. २००२ मध्ये परवानगी मिळालेल्या बीटी कापसातलं क्राय१एसी हे प्रथिन अक्षरांवरून विरघळणारं दिसतं आणि आहेही तसंच. पण बोंडअळीनं पान खाल्लं की तिच्या आतड्यात या प्रथिनाची काटछाट होते, ते आतड्याच्या पेशींवरच्या कॅडहेरिन नावाच्या पटलातल्या प्रथिनाला चिकटतं, आणि मग स्वतःच पटलात घुसून भोक पाडतं. अळी मरते. घर बदलणारं प्रथिन! आयुष्याच्या पूर्वार्धात रश्शात, उत्तरार्धात तर्रीत. अशांना एका खान्यात टाकणारा नियम मला तरी अर्धवटच वाटतो.

गुलाबी बोंडअळीनं यावर तोड काढली ती कॅडहेरिनमध्येच. भारतातल्या शेतांतून गोळा केलेल्या प्रतिकारक्षम अळ्यांमध्ये कॅडहेरिनच्या जनुकात बिघाड सापडले. विष चिकटायला जागाच उरली नाही. २०१७ मध्ये ज्यांनी बोंडं फोडून आत ती अळी बघितली, त्यांना त्या नुकसानीत एका पटलातल्या प्रथिनाचाही हात होता हे सांगून काय मिळणार म्हणा.

आता एआय आलंय, मग ही गुणांची वही कशाला?

भाच्याच्या मित्रांचा हाच सवाल होता. खरंय, २०२४ च्या नोबेलमधल्या डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांच्या अल्फाफोल्ड या एआय प्रणालीनं २० कोटींहून अधिक प्रथिनांच्या आकारांचे अंदाज बांधले. पटलातलं कोण हे ओळखणाऱ्या नव्या पद्धतीही कोट्यवधी ओळी वाचून शिकलेल्या असतात आणि चिठ्ठी, पिंप यांचे घोटाळे बरेच कमी करतात. पण अल्फाफोल्डनं काढलेल्या चित्रात पटल काढलेलं नसतं. स्प्रिंगांचा जुडगा दिसतो. तर्रीचा थर कुठून कुठवर आहे हे बघणाऱ्यानंच ठरवायचं. तिथं पुन्हा तेलाकडचे कोण आणि पाण्याकडचे कोण हेच विचारावं लागतं. शिवाय यंत्रानं दिलेलं उत्तर खरं वाटतंय का, हे तपासायला हातचा हिशेब यायला नको का? कॅल्क्युलेटर आहे म्हणून पाढे सोडलेल्यांची फजिती बाजारात रोज दिसते.

ओळखून करायचं काय?

प्रयोगशाळेत पहिला फरक पडतो. विरघळणारं प्रथिन पाण्यात काढता येतं. पटलातलं नुसत्या पाण्यात काढायला गेलं की त्याच्या कंबरेचा तेलकट पट्टा उघडा पडतो आणि सगळी एकमेकांना चिकटून गोळा होतो. त्यांना साबणासारखी द्रव्यं लागतात, भरताच्या तेलकट ताटाला लागतो तसा साबण. आधीच कळलं तर महिन्यांची मेहनत वाचते.

दुसरा फरक औषधाच्या दुकानात. आजच्या औषधांपैकी निम्म्याच्या आसपास औषधं पटलातल्या प्रथिनांवर काम करतात. कारण उघड आहे, घरात शिरायचं तर आधी दाराशी बोलावं लागतं. तर्री जास्त झाली की आपण पॅन्टोप्राझोलची गोळी घेतो. ती जठराच्या पेशींच्या पटलातला आम्लाचा पंप बंद करते. त्या पंपाचा मुख्य भाग पटल दहा वेळा ओलांडतो.

भाच्याच्या सोमवारच्या ओळीत २६९ अक्षरं होती. रात्री आलेख निघाला तेव्हा त्यात सहा उंचवटे दिसले. सहा स्प्रिंगा, म्हणजे पटलातलंच. मग त्यानं ओळ माहितीकोशात टाकून नाव काढलं: ॲक्वापोरिन. पेशीच्या पटलातून फक्त पाणी जाऊ देणारी नळी. पीटर ॲग्री यांना २००३ मध्ये तिच्यासाठी नोबेल मिळालं. या नळीतून सेकंदाला सुमारे तीन अब्ज पाण्याचे रेणू जातात, तेही एकामागून एक, रांगेत. हे सहा उंचवटे मात्र अर्धीच गोष्ट सांगतात. नळीच्या मधोमध पटलात अर्ध्यापर्यंतच शिरून माघारी फिरणारे दोन तुकडे आहेत. वीस अक्षरांचा पट्टा शोधणाऱ्याला ते ओलांडणारे म्हणून दिसत नाहीत, आणि पाण्याला रांग लावायचं काम नेमकं तेच करतात.

ताई भांडी आवरत ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे केळीच्या ठिबकसारखंच की. थेंब थेंब, पण रांगेत."

"केळीच्या मुळांतही अशाच नळ्या असतात," भाचा म्हणाला, आणि आलेखाचा फोटो काढायला माझी वही घेऊन उजेडात गेला.